विमान ऐकू येतं, हाक येत नाही

लंडनमधल्या हाउन्सलोची नवी नोकरी मिळाली तेव्हा मी साताऱ्याला आईला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे पुन्हा बालवाडीच ना?"

"नाही गं. बालवाडी त्यात आहे, पण मी बालवाडीत नाही."

"मग दवाखान्यात?"

"दवाखानाही त्यात आहे."

"उज्ज्वला, तू नेमकं करणार काय आहेस?"

"सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावायचं."

 आई म्हणाली, "एवढ्यासाठी तिकडच्या सरकारला माणूस ठेवावा लागतो?"

ठेवावा लागतो. तो माणूस मी होते, आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात मजेची वर्षं होती. संपूर्ण नोकरी इथे सांगत बसणार नाही. एका मुलीचं सांगते, त्यात बाकीचं येईलच.

आधी थोडं कामाबद्दल. इंग्लंडमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांची दोन वेगळी जगं होती. एक सांभाळण्याचं आणि एक शिकवण्याचं. सांभाळणाऱ्या डे नर्सरीत मूल सकाळी आठला जाई आणि संध्याकाळी सहाला परत येई. शिकवणारी नर्सरी शाळेत असे, अडीच तासांची. साडेअकराला ती सुटली की नोकरी करणाऱ्या आईने काय करायचं, हा प्रश्न शाळेचा नव्हता. दोन्हींचे साहेब वेगळे, तपासणारे वेगळे, ट्रेनिंग वेगळं. याशिवाय आरोग्याचं तिसरं जग. तिथे हेल्थ व्हिजिटर असते, म्हणजे घरोघर जाऊन लहान मुलांची वाढ बघणारी नर्स. या सगळ्यांकडे एकाच मुलाच्या वेगवेगळ्या फायली असत, आणि त्या फायली एकमेकींना ओळखत नसत.

दोन हजारच्या त्या दशकात सरकारने ठरवलं की हे सगळं एका छपराखाली आणायचं. सांभाळ, शिक्षण, आरोग्य, शिवाय आईबापांना कामधंद्यासाठी मदत. मूल शाळेत जाईल तेव्हा बाकीच्यांच्या मागे नको, आणि वस्तीतलं एकही कुटुंब बाहेर राहायला नको. मी वीस वर्षं नर्सऱ्यांमध्ये नाकं पुसली होती, गोधड्या घातल्या होत्या. ते उद्दिष्टांचं कागदपत्र मी बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप चुकला. वाटलं, अखेर कुणालातरी कळलं.

आमचं चिल्ड्रन्स सेंटर एका प्राथमिक शाळेच्या मागच्या अंगणात होतं. दोन जुने वर्ग, मध्ये नवीन पॅसेज, बाहेर वाळूचा हौद. डोक्यावरून दर दोन मिनिटांनी हीथ्रोला उतरणारं विमान जायचं, इतकं खाली की चाकं दिसत. विमान गेल्याशिवाय कुणी वाक्य पूर्ण करत नसे. नवीन माणसाला ते विचित्र वाटायचं. आम्हाला पंधरा दिवसांत सवय झाली, आम्ही तोंड उघडं ठेवून थांबायचो आणि पुढचा शब्द तिथूनच सुरू करायचो.

एका छपराखाली आणणं सोपं होतं. एकत्र आणणं अवघड. पहिल्याच आठवड्यात मला स्वयंपाकघरात दोन केटल दिसल्या. एकीवर चिठ्ठी होती 'स्कूल', दुसरीवर 'हेल्थ'. मी दोन्ही चिठ्ठ्या काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत लागल्या, या वेळी सेलोटेपने.

'स्कूल' म्हणजे मिसेस लॉईड, नर्सरी वर्गाच्या प्रमुख. वेल्सच्या, उंच, ताठ. मुलांवर जीव, पण वर्गात परक्याचं पाऊल पडलेलं चालत नसे. 'हेल्थ' म्हणजे ब्रेंडा. तीस वर्षं हेल्थ व्हिजिटर. लहानशी लाल गाडी, तिच्या मागच्या सीटवर वजनकाटा आणि रबरी बूट. ब्रेंडाचं मत, शिक्षक लोकांना मूल तीन वर्षांचं होऊन वर्गात आलं की मगच ते जन्मलं असं वाटतं. मिसेस लॉईडचं मत, हेल्थवाले मुलांना बटाट्यांसारखं तोलतात आणि निघून जातात. दोघींची मतं दोघींनी मलाच सांगितली, एकमेकींना अजून नाही.

रोज दुपारी आमच्याकडे खेळायचा तास असे. आयांनी मुलांना घेऊन यायचं, चहा प्यायचा, मुलांबरोबर खेळायचं. तिथे मानसी आली.

मानसी नागपूरची. नवरा समीर सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर. मुलगी रेवा सव्वातीन वर्षांची, सकाळी मिसेस लॉईडच्या वर्गात जायची. मानसीने फॉर्म भरला, मी त्यावर नवीन कुटुंब म्हणून खूण केली. तो महिना संपत आला होता आणि किती कुटुंबांपर्यंत 'पोहोचलो' याचा तक्ता मला कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, पाठवायचा होता. त्या तक्त्यात मानसीचं घर 'पोहोचलो' या रकान्यात गेलं. त्यानंतर चार आठवडे ती येत होती, दाराजवळच्या खुर्चीत बसत होती, आणि मी तिच्याशी हवापाण्यापलीकडे काही बोलले नाही. ते चार आठवडे मला अजून टोचतात.

पाचव्या आठवड्यात मी सहज तिच्या शेजारी बसले. ती रेवाला म्हणत होती, "कम. सिट. नो." इतकंच. रेवा वाळूत एकटीच खड्डा करत होती. आई मुलीशी अशी बोलत होती जशी आपण कस्टमच्या अधिकाऱ्याशी बोलतो.

मी मराठीत विचारलं, "घरी काय बोलता हो तुम्ही?"

ती दचकली. मग म्हणाली, "घरी? इंग्लिशच. माझं इंग्लिश तसं बरं आहे काकू, पण लहान मुलाशी बोलायचं इंग्लिश येत नाही मला. म्हणून मग कमीच बोलते."

"मराठी का नाही?"

"रेवा बोलत नाही ना. पाच-सहा शब्द आहेत फक्त. समीर म्हणाला, दोन भाषांनी गोंधळते आहे, एकच ठेवू." तिने आवाज खाली आणला. "तीन आठवड्यांनी आम्ही दोघी नागपूरला जातोय. ती आणि मी. समीर इथेच राहणार. तिकिटं काढलीत."

"किती दिवस?"

"परतीचं काढलं नाहीये. तिथे आजी-आजोबा आहेत, चुलत भावंडं आहेत, आपोआप बोलायला लागेल असं सगळे म्हणतात." ती रेवाकडे बघत राहिली. "सासूबाई म्हणाल्या, घरात माणसं नसली की मुलं मुकी राहतात. मी होते ना घरात. मी माणूस नाही का?"

मी उठले नाही. त्या दिवशीचे बाकीचे फॉर्म तसेच राहिले.

मी मुलीकडे बघायला लागले. वीस वर्षांत एक गोष्ट शिकले होते, मुलाबद्दल काही ठरवण्याआधी अर्धा तास नुसतं बघायचं. रेवा हुशार होती. दुसऱ्या मुलांचं बघून बघून सगळं करायची. सगळे धावले की धावायची, पण अर्ध्या क्षणाने मागे. कुणी समोर येऊन बोललं की त्याच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघायची. मग विमान आलं आणि तिने झटकन वर पाहिलं.

खाऊच्या वेळी मी क्रिस्प्सची, म्हणजे वेफर्सची, एक पुडी घेऊन मुलांच्या मागे उभी राहिले आणि ती हळूच चुरगाळली. माझ्या अनुभवात क्रिस्प्सच्या पुडीइतकी खात्रीची परीक्षा नाही. आठ मुलं वळली. नववी रेवा, ती खड्डा खणतच राहिली. मी तिच्या समोर जाऊन पुडी दाखवली तशी ती हसली आणि हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तसंच झालं. मला काळजी वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी अंगात वीजही संचारली. वाटलं, हे काम. याचसाठी आपल्याला ठेवलंय.

आम्ही निदान करत नाही. ते आमचं काम नव्हे. आमचं काम, ज्यांना माहीत आहे त्यांना एकत्र बसवणं. मी आधी ब्रेंडाकडे गेले.

"रेवा नावाच्या मुलीची तुझ्याकडे फाईल आहे का?"

"असेल."

"त्यात कानांबद्दल काही आहे?"

"ऊज," तिला माझं नाव एवढंच जमे, "असलं तरी मी सांगू शकत नाही. आईची सही आण."

मिसेस लॉईडकडे गेले. त्या म्हणाल्या, "आमच्या निरीक्षणाच्या नोंदी वर्गाबाहेर जात नाहीत. आईची सही असेल तर विचार करू."

म्हणजे एका बाबतीत तरी दोघींचं एकमत होतं.

सहीचा फॉर्म मी मानसीपुढे ठेवला तेव्हा तिने हात मागे घेतला. "यावर सही केली की आमचं नाव सरकारकडे जाणार ना? सोशल सर्व्हिसेसवाले मुलीला घेऊन जातात म्हणे. आणि व्हिसाचं काय?"

ही भीती मी शंभर वेळा ऐकली होती आणि ती मूर्खपणाची नव्हती. परक्या देशात कागदावर नाव घालताना कुणाचाही हात थांबतो. मी फॉर्म ओळीओळीने मराठीत सांगितला. कोण बघणार, का बघणार, कधीही नाही म्हणता येईल हेसुद्धा. तिने दोनदा ऐकलं. मग विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं तिला झालंय?"

"मला वाटतं तिला नीट ऐकू येत नाही."

"पण ती विमान आलं की वर बघते."

"हो. तेच मलाही कळत नाहीये."

तिने सही केली. समीर येईल का, याची तिला खात्री नव्हती. मीटिंग पुढच्या मंगळवारी ठरली. नागपूरच्या विमानाला तेव्हा तेरा दिवस राहणार होते.

ती मीटिंग मी आयुष्यात विसरणार नाही. लहान मुलांच्या वर्गात मोठ्यांचं टेबल नव्हतं, म्हणून रंगकामाची दोन टेबलं जोडली. खुर्च्याही छोट्याच. मिसेस लॉईड त्या बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून ताठ बसल्या. त्यांच्या समोर ब्रेंडा. एका बाजूला आठवड्यातून एकदा येणारी स्पीच थेरपिस्ट कॅथरिन. मग मी. मानसी माझ्याजवळ, आणि तिच्या पलीकडे समीर, ऑफिसचं कार्ड गळ्यात, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघणारा. रेवा गालिच्यावर ठोकळे रचत होती.

मी म्हटलं, "प्रत्येकाने आपल्या फायलीत काय आहे तेवढंच सांगा. मत नंतर."

ब्रेंडाने सांगितलं, इथे आल्यावर पहिल्या भेटीत कान तपासायला पाठवलं होतं. तपासणीच्या दिवशी कुटुंब आलं नाही, म्हणून फाईल बंद झाली.

"कुठली तपासणी?" समीर म्हणाला. "आम्हाला काही आलंच नाही."

ब्रेंडाने पत्त्याकडे बोट दाखवलं. तो शेजारच्या फेल्टममधल्या जुन्या घराचा होता. ते लोक तिथून कधीच हलले होते. पत्र रिकाम्या घरात पडलं होतं आणि कागदावर नोंद झाली होती, 'आले नाहीत'.

मानसीच्या सहीवर डॉक्टरांकडून मागवलेली चिठ्ठी मी वाचली. वर्षभरात कान दुखल्याने अनेकदा औषध दिलेलं. दर वेळी वेगळा डॉक्टर, त्यामुळे प्रत्येकाला ते पहिल्यांदाच वाटलेलं.

आता मिसेस लॉईडची पाळी. त्यांनी वही उघडली. मग म्हणाल्या, "आम्ही लिहिलंय, सूचना पाळत नाही. गोष्टीच्या वेळी लक्ष देत नाही. शिक्षिकेच्या अगदी जवळ येऊन बसते. नाव घेतलं तर वळत नाही. हट्टी." वही मिटून त्या ब्रेंडाकडे वळल्या. "तुमचा कागद मला टर्मच्या सुरुवातीला मिळाला असता तर तो शेवटचा शब्द मी लिहिला नसता."

ब्रेंडा म्हणाली, "आणि तुमची वही मला दिसली असती तर मी फाईल बंद होऊ दिली नसती."

  तीन फायली, तीन वेगवेगळ्या कपाटांत, आणि तिन्ही मिळून एकच वाक्य सांगत होत्या.

समीर मात्र मानायला तयार नव्हता. तो चिडला नव्हता, घाबरला होता, आणि घाबरलेला शिकलेला माणूस वाद घालतो. "माफ करा, पण हे लॉजिकल नाही," तो म्हणाला. "ती बहिरी असती तर विमान कसं ऐकू आलं असतं? मी स्वतः पाहिलंय. दर वेळी वर बघते."

ब्रेंडा उठली. "समीर, दोन्ही कानांत बोटं घाल. घट्ट. आणि डोळे मीट."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "घाला. ती उगाच काही सांगत नाही."

त्याने बोटं घातली. ब्रेंडा त्याच्या मागे गेली आणि नेहमीपेक्षा जरा हळू आवाजात म्हणाली, "चहात साखर किती घेणार?" तो तसाच बसून होता. तिने पुन्हा विचारलं. तेवढ्यात विमान आलं, खिडकीची काच थरथरली, आणि समीरने डोळे मिटलेलेच ठेवून मान वर केली.

विमान गेलं. ब्रेंडाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने बोटं काढली.

"काय ऐकू आलं?"

"विमान."

"आणि मी काय विचारलं?"

"तुम्ही काही विचारलंत?"

 समीरने रेवाकडे पाहिलं. ती पाठमोरी होती. तो बसल्या जागेवरून, घरात मारतो तशी, साधी हाक मारून म्हणाला, "रेवा." ती वळली नाही. तो पुन्हा म्हणाला. मग त्याने चष्मा काढला आणि बाहीने पुसत बसला, बराच वेळ.

पुढचे नऊ दिवस आम्ही धावलो. कान तपासणाऱ्या विभागाची यादी कित्येक महिन्यांची होती. ब्रेंडाने तीस वर्षांच्या ओळखी एका दुपारी फोनवर खर्च केल्या. कुणी आपली वेळ रद्द केली तर ती आम्हाला द्या, आम्ही अर्ध्या तासात हजर होऊ, असं तिने सांगून ठेवलं. फोनवरच्या बाईंनी तातडीचं कारण लेखी मागितलं. ते मिसेस लॉईडनी लिहिलं, स्वतःच्या हाताने, चार पानं. 'हट्टी' हा शब्द कुठे लिहिला होता आणि तो चुकीचा का होता, हेही त्यांनी त्यात लिहिलं. ते वाचून मी त्यांच्याबद्दलचं माझं मत बदललं. वीस वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या नोंदीविरुद्ध साक्ष देणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

गुरुवारी सकाळी पावणेदहाला फोन वाजला. अकराची वेळ रिकामी झाली होती. नागपूरचं विमान सोमवारी होतं.

मिसेस लॉईडनी रेवाला वर्गातून बाहेर आणलं, कोट घालून. त्या दिवशी त्यांनी वर्गाचं दार माझ्यासाठी स्वतः उघडलं. ब्रेंडाने मागच्या सीटवरचे रबरी बूट खाली ढकलले, मानसी आणि रेवा मागे, मी पुढे. समीर ऑफिसमधून परस्पर आला, धापा टाकत, आमच्याआधी.

तपासणीची खोली जाड भिंतींची, आत विमानसुद्धा ऐकू येत नाही. रेवापुढे एक लाकडी बोट आणि लाकडी माणसं ठेवली. आवाज आला की एक माणूस बोटीत घालायचा. हे तिला समजावून सांगायचं काम माझं. मी हातांनी, चेहऱ्याने, मराठीत, जमेल तसं सांगितलं. तिला खेळ लगेच कळला. मोठा आवाज आला, माणूस बोटीत. आणखी मोठा, आणखी एक. मग तपासणाऱ्या बाईंनी आवाज कमी केला. आम्हाला खोलीत तो स्पष्ट ऐकू येत होता. रेवा लाकडी माणूस गालाशी धरून, अगदी शहाण्यासारखी, वाट बघत बसली. आवाज येत राहिला. ती वाट बघत राहिली. मानसीने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

बाईंनी नंतर नीट सांगितलं. दोन्ही कानांच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलंय. लहान मुलांमध्ये हे नेहमी होतं, पण हिला फार दिवस आहे. विमान, ढोल, दार आपटणं, हे ऐकू येतं. माणसाचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं येतं. सर्दी कमी असली की जरा बरं, म्हणून कधी ऐकते, कधी नाही, आणि सगळ्यांना ती लहरी वाटते. बहुतेकदा आपोआप जातं. नाही गेलं तर छोटं ऑपरेशन, पडद्यात बारीक नळी घालतात. काही महिने लक्ष ठेवू.

मानसीने विचारलं, "म्हणजे माझ्या बोलण्यामुळे नाही ना झालं हे? किंवा न बोलण्यामुळे?"

मी इंग्रजीत विचारलं. बाई म्हणाल्या, "अजिबात नाही."

मी ते मराठीत सांगितलं. मानसीने मान हलवली. पुन्हा म्हणाली, "एकदा परत सांगा काकू." मी परत सांगितलं.

समीर पार्किंगमध्ये म्हणाला, "सोमवारचं रद्द करतो." मग थोड्या वेळाने, मानसीला, "मी तुला काहीतरीच बोललो असेन मधल्या काळात." ती म्हणाली, "असेन नाही, बोललास." पण ती त्याच्याच बाजूने गाडीपर्यंत गेली.

मग भाषेचा प्रश्न आला. कॅथरिनने स्पष्ट सांगितलं, दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. आईने ज्या भाषेत आपण भरभरून बोलतो तीच बोलावी. जवळ जाऊन, चेहरा समोर ठेवून. मानसीने माझ्याकडे पाहिलं. "मराठीत बोलू? खरंच?" ती गालिच्यावर रेवासमोर मांडी घालून बसली आणि सुरू झाली. हा ठोकळा लाल, हा बघ पिवळा, हा आजोबांच्या स्कूटरसारखा आहे की नाही, तुला आठवते का स्कूटर, तू पुढे उभी राहायचीस. पाऊण तास ती बोलत होती. वर्षभराचं साठलेलं होतं.

ते ऐकताना मला आनंद झाला आणि लाजही वाटली. ऐंशीच्या दशकात, नवखी नर्सरीवाली असताना, मीच कितीतरी आयांना सांगितलं होतं, घरी इंग्लिश बोला, मुलाचं भलं होईल. तेव्हा आम्हाला तसंच शिकवत. मी ते माझ्या घरीही पाळलं. माझी मुलगी नेहा स्टॅनमोरला असते, डेंटिस्ट आहे, हुशार आहे. मला फोनवर म्हणते, "आई, तुझा आवाज थकली वाटते." मी दुरुस्त करत नाही. ती बोलते, तेवढं पुष्कळ आहे. ज्या आयांना मी गप्प केलं त्यांची नावंही आता आठवत नाहीत.

ते काही महिने वर्गात बरंच बदललं. मिसेस लॉईडनी रेवाला आपल्या समोर बसवलं. तिच्याशी बोलताना त्या आधी खाली बसायच्या, मग बोलायच्या. महिन्याभरात त्या सगळ्याच मुलांशी तसं बोलायला लागल्या. ब्रेंडा दर मंगळवारी त्यांच्या वर्गात जाऊन बसायला लागली, बोलावल्याशिवाय. मंगळवारची मीटिंग कायमची झाली. दुसरी मुलं आली, दुसऱ्या फायली. कौन्सिलमधले एक साहेब हे कसं साधलं ते बघायला आले. त्यांनी मला विचारलं की तुमचं मॉडेल काय आहे. मी म्हटलं, लहान खुर्च्या. त्यावर फार वेळ कुणी भांडू शकत नाही, पाठ दुखते. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पुढे सरकारं बदलली, आमच्यासारखी बरीच सेंटरं आटत गेली. त्याबद्दल मला पुष्कळ बोलता येईल, पण ती वेगळी कहाणी आहे. आम्ही होतो तोवर होतो, आणि चांगले होतो.

रेवाच्या कानांतलं पाणी गेलं नाही. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. सकाळी गेली, दुपारी घरी. मानसीचा फोन आला तेव्हा ती रडत होती की हसत होती ते कळेना. घरी आल्यावर रेवा नळासमोर उभी राहिली होती. नळ सोडत होती, बंद करत होती. मग फ्रिजला कान लावला. मग आईच्या छातीला. जिन्यावर स्वतःचे पाय आपटत वर गेली, खाली आली, पुन्हा वर. समीर तिच्या मागे मागे.

सहा आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्याच टेबलाभोवती बसलो, तीच माणसं. रेवाचे शब्द आता मानसी मोजत नव्हती. मराठीची वाक्यं होती, इंग्रजीची सुरू झाली होती. कॅथरिन सांगत होती की वेग उत्तम आहे. ब्रेंडा म्हणाली, वजनही वाढलंय. मिसेस लॉईड म्हणाल्या, बटाटे पुन्हा आले का. ब्रेंडा मोठ्याने हसली. समीर पुढच्या वर्षीच्या शाळेबद्दल विचारत होता, मानसी त्याला मध्येच थांबवून काही सांगत होती. इतके महिने रेवासाठी मोठ्याने बोलायची आम्हाला सगळ्यांना सवय झाली होती, त्यामुळे सहाही जण ओरडल्यासारखेच बोलत होतो आणि कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

रेवा गालिच्यावरून उठली. टेबलापाशी आली, दोन्ही हात कानांवर ठेवून. आमच्याकडे एकेकाकडे बघितलं आणि म्हणाली, "हळू बोला ना. मला ऐकू येतं."

मराठी समजणारे आम्ही तिघं गप्पच झालो. मिसेस लॉईडनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी सांगितलं, अगदी हळू आवाजात.

मिसेस लॉईडनी मान डोलावली आणि माझ्या वहीकडे बोट दाखवून कुजबुजत म्हणाल्या, "लिहून घ्या." मीटिंगच्या इतिवृत्तात शेवटच्या कलमापुढे मी लिहिलं, 'सर्वांनी हळू बोलावे. सूचना मांडणार, रेवा. सर्वानुमते मंजूर.'